एका गाण्याची दोन घरे

रविवारच्या उपासनेत ऑर्गनवर बसणाऱ्याला एक गोष्ट पुस्तकावाचून ठाऊक असते. भक्तिगीत आनंदाने चाललेले असते; मध्येच एखाद्या ओळीवर ढगाची सावली पडल्यासारखे होते आणि पुढच्या ओळीला पुन्हा ऊन येते. गाणाऱ्यांनी पट्टी बदललेली नसते. वादकाचे बोट एखाद्या परक्या स्वरावर गेलेले नसते. स्वर तेच सात. मग ही सावली आली कोठून? लहानपणी आमच्या गायनवृंदातील एका वयोवृद्ध वादकांना मी हे विचारले होते. ते मितभाषी होते. त्यांनी उजव्या हाताने 'सा' आणि 'ग' दाबून धरले व डाव्या हाताने खाली 'सा' लावला. देऊळ उजळल्यासारखे वाटले. मग उजवा हात जसाच्या तसा ठेवून डाव्या हाताचे बोट त्यांनी दोन पांढऱ्या पट्ट्या खाली, 'ध'वर नेले. वरचे दोन्ही स्वर तेच राहिले आणि तरी त्यांचा अर्थ बदलला. "बस, एवढेच," असे म्हणून त्यांनी ऑर्गनचे झाकण लावले.

ह्या 'एवढ्याच' गोष्टीला पाश्चात्त्य संगीतात रिलेटिव्ह मायनर असे नाव आहे. प्रत्येक मेजर सप्तकाच्या पोटात त्याच स्वरांचे एक मायनर सप्तक दडलेले असते; दोघांमध्ये अंतर असते ते फक्त आपण घर कोणत्या स्वराला म्हणतो त्याचे. जॅझ संगीताला आपल्याकडील वडीलधारी मंडळी दीर्घकाळ हॉटेलांतला धांगडधिंगा समजत आली. ते संगीत ह्या अंतरावर किती शिस्तीने उभे आहे, हे एकाच गाण्याच्या आधारे पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू. गाणे आहे जगभर 'ऑटम लीव्हज' ह्या इंग्रजी नावाने ओळखले जाणारे, पण मूळचे फ्रेंच.

प्रथम थोडे व्याकरण. मेजर सप्तक म्हणजे आपला बिलावल थाट. त्यातील 'ध'ला षड्ज मानून तेच स्वर क्रमाने वाजवले की आसावरी थाट निघतो. आपल्या शास्त्रात ह्याला मूर्च्छना म्हणतात आणि जाणकार गायक कधीमधी तिचा चमत्कार दाखवतात. परंतु आपल्या मैफलीत मागे तानपुरा झंकारत असतो. गायक कितीही दूर गेला तरी तो षड्जाची आठवण देत राहतो. जॅझमध्ये तानपुरा नाही. तिथे पायाखालची जमीनच दर चार मात्रांनी सरकते आणि ती सरकवण्याचे काम कॉर्ड करतात. कॉर्ड म्हणजे एकाच वेळी वाजणारा तीन-चार स्वरांचा समूह. वादकाने आयत्या वेळी रचलेली ओळ त्या सरकत्या जमिनीवर पाय न घसरता चालली पाहिजे, ही जॅझची पहिली अट होय.

मेजर-मायनरची ही जोडी जॅझने शोधली नाही. ख्रिस्तसभेचे प्राचीन ग्रेगोरियन गायन आठ स्वरमालांत बांधलेले होते आणि आज आपण ज्यांना मेजर व मायनर म्हणतो त्यांना त्या आठांत स्वतंत्र नाव नव्हते. हाइनरिख ग्लारेआनुस ह्या स्विस विद्वानाने १५४७ साली बाझल येथे छापलेल्या 'डोडेकाकॉर्डन' ह्या ग्रंथात आठांच्या बारा स्वरमाला केल्या. नव्याने नाव मिळालेल्यांत एक होती आयोनियन, म्हणजे पुढे जिला मेजर म्हटले गेले ती. दुसरी इओलियन, म्हणजे नैसर्गिक मायनर. हा ग्लारेआनुस इरॅस्मसचा स्नेही होता. बाझलने नवा धर्मपंथ स्वीकारल्यावर कॅथलिक राहिलेल्या ह्या माणसाने १५२९ मध्ये ते शहर सोडून फ्रायबुर्ग गाठले. लोक त्या चालींत गातच होते. त्याने त्यांना शास्त्रात जागा दिली.

त्यानंतर पावणेदोनशे वर्षांनी, १७२० साली, हॅन्डेलने लंडनमध्ये हार्पसिकॉर्डसाठी रचनांचा एक संच प्रसिद्ध केला. त्यात जी मायनरमधील एक पासाकाय आहे, म्हणजे एकाच ठरीव स्वरमार्गावर पुन्हापुन्हा वेगवेगळे नक्षीकाम करणारी रचना. तो स्वरमार्ग आजच्या जॅझ वादकापुढे ठेवला तर तो गालातल्या गालात हसेल. कारण थोड्याफार फरकाने तो 'ऑटम लीव्हज'चाच मार्ग आहे आणि त्याची पट्टीदेखील बहुतेक जॅझ वादक हे गाणे ज्या पट्टीत वाजवतात तीच आहे. ठरलेल्या मार्गावर आयत्या वेळी रचत जाणे ही त्या काळी प्रत्येक चांगल्या ऑर्गनवादकाची रोजची विद्या होती. कॅथलिक फ्रान्समध्ये ती कधी मेलीच नाही. पॅरिसच्या नोत्र दामचे मुख्य ऑर्गनवादक पिएर कोशरो हे १९५५ पासून १९८४ मध्ये मृत्यू येईपर्यंत उपासनेत आयत्या वेळच्या रचना वाजवत असत. तेव्हा उत्स्फूर्त वादन म्हणजे बेशिस्त, ही समजूत निदान आपण तरी बाळगू नये.

आता गाण्याच्या जन्माकडे वळू. ते रचणारा जोझेफ कोस्मा १९०५ साली बुडापेस्टमध्ये एका ज्यू कुटुंबात जन्मला. तेथून तो बर्लिनला गेला आणि १९३३ मध्ये, हिटलरच्या हाती सत्ता आली त्या वर्षी, पॅरिसला आला. दुसरा देश, दुसरी भाषा. तिथे त्याची कवी झाक प्रेव्हेर ह्याच्याशी मैत्री झाली आणि दोघे मिळून गाणी करू लागले. पुढे जर्मनांनी फ्रान्स व्यापल्यावर कोस्माला दक्षिणेकडील आल्प-मारितीम प्रांतात नजरकैदेत राहावे लागले आणि संगीतरचनेची बंदी झाली. प्रेव्हेर व दिग्दर्शक मार्सेल कार्ने ह्यांनी त्याला चोरून काम मिळवून दिले. पडद्यावर नाव मात्र दुसऱ्याचे, मोरिस तिरिए ह्या संगीतकाराचे. 'ले झाँफां द्यु पारादी' हा त्यांचा प्रख्यात चित्रपट पॅरिस मुक्त झाल्यावर, मार्च १९४५ मध्ये, प्रदर्शित झाला. तेव्हा नामावलीत तिरिएबरोबर कोस्माचेही नाव आले, आणि त्याला जोडून असे छापले गेले की हे काम लपून केलेले आहे. चित्रपटांच्या इतिहासात इतकी प्रामाणिक नामावली क्वचितच सापडेल.

त्याच वर्षी जूनमध्ये रोलां पतीच्या 'ल रांदेव्हू' ह्या नृत्यनाट्यासाठी कोस्माने संगीत दिले. त्यातल्या एका सुरावटीला प्रेव्हेरने पुढे शब्द दिले आणि कार्नेच्या 'ले पोर्त द ला न्वी' ह्या १९४६ च्या चित्रपटात ती गाणे म्हणून आली. चित्रपट पडला. गाणे राहिले. दुरावलेल्या प्रेमिकांचे आणि गळून पडलेल्या पानांचे ते गाणे आहे. नुकत्याच युद्धातून बाहेर पडलेल्या पॅरिसला त्यात आणखी कोणकोणते वियोग ऐकू आले असतील ह्याची कल्पना करता येते.

१९४९ साली अमेरिकन गीतकार जॉनी मर्सर ह्याने त्याला इंग्रजी शब्द दिले. १९५५ मध्ये रॉजर विल्यम्स ह्या पियानोवादकाची तबकडी अमेरिकेत लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचली. पाने गळताहेत असे दाखवण्यासाठी त्याची बोटे पियानोच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सारखी घरंगळत येतात. लोकांना ते फार आवडले. मला मात्र ते जत्रेतल्या जादूसारखे वाटते. गाण्याच्या आत जे चालले आहे त्याचा ह्या घरंगळण्याशी काही संबंध नाही.

आत काय चालले आहे? गाणे ३२ बारांचे आहे; बार म्हणजे चार मात्रांचा खंड. सोयीसाठी मेजर घराला 'सा' म्हणू आणि त्याच्या रिलेटिव्ह मायनरला 'ध'. पहिल्या आठ बारांत ज्या स्वरांवर कॉर्ड उभ्या राहतात ते ओळीने असे: रे, प, सा, म, नी, ग, ध. वाचकांनी बोटांवर मोजून पाहावे. सप्तकातील सातही स्वर एकेकदा येतात, एकही गळत नाही, एकही दोनदा येत नाही. प्रत्येक पाऊल चार स्वर वर, किंवा तसेच म्हणायचे तर पाच स्वर खाली, पडते. रे-प-सा ही मेजर घराकडे नेणारी वाट आहे, नी-ग-ध ही मायनर घराकडे नेणारी. मधला 'म' हा दोन्ही वाटांना जोडणारा साकव. पहिल्या चार बारांत आपण एका घरी पोहोचतो, पुढच्या चारांत दुसऱ्या घरी, आणि मध्ये कुठेही दार आपटल्याचा आवाज होत नाही.

हे इतके सहज का घडते? 'रे'वर उभ्या असलेल्या चार स्वरांच्या कॉर्डमध्ये रे, म, ध, सा हे स्वर असतात. 'नी'वरच्या कॉर्डमध्ये नी, रे, म, ध. तीन स्वर समान. 'सा'च्या जागी 'नी' आला एवढ्यावर एक वाट सुखाकडे जाते आणि दुसरी दुःखाकडे. खरा परका स्वर पुढच्या पावलावर भेटतो. 'ग'वरच्या कॉर्डमध्ये पंचमाला रजा मिळते आणि त्याच्या जागी कोमल धैवत येतो. हा कोमल धैवत 'ध'च्या उंबरठ्यावर उभा असतो आणि आत ओढून नेतो. जॅझ शिकणारा नवखा मुलगा येथेच पकडला जातो. दोन्ही घरांचे स्वर एकच आहेत असे त्याला सांगितलेले असते, म्हणून तो एकाच सप्तकात वर-खाली धावत राहतो आणि ह्या एका बारात सरळ पंचमावर जाऊन बसतो. कॉर्डमधला कोमल धैवत आणि त्याचा पंचम एकमेकांना घासतात. मुरलेला वादकही क्वचित हे घर्षण मुद्दाम करतो, पण पुढच्या क्षणी ते सोडवायचे कसे हे त्याला ठाऊक असते.

आणि ह्या सगळ्यावर कोस्माची मूळ चाल. तिचे लांब धरलेले चार स्वर क्रमाने खाली उतरतात: म, ग, रे, सा. आपल्याकडच्या कोणत्याही संगीतशाळेतल्या पोराला वाटेल की आता घरी आलो. पण चाल 'सा'वर टेकते त्या क्षणी खाली बेसने 'ध' लावलेला असतो. ज्याला घर म्हणून ओळखत होतो तोच स्वर आता दुसऱ्याच्या घरातला कोमल गंधार झालेला असतो. आमच्या वृद्ध वादकांनी डाव्या हाताने केले ते नेमके हेच. युद्धकाळात नाव लपवून जगलेला माणूस म्हणा किंवा बारा वर्षे परदेशात काढलेला, कोस्माच्या आयुष्याशी ह्याचा मेळ घालण्याचा मोह होतो. पण स्वरांचे काम चरित्राने सिद्ध होत नाही, तेव्हा तो मोह आवरतो. गाण्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागात मायनर वाट आधी येते आणि मेजर नंतर. शेवटचे आठ बार मात्र 'ध'लाच मिळतात.

जॅझ वादकांना हे गाणे इतके का मानवले हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. न्यू ऑर्लिन्सच्या आफ्रिकी-अमेरिकी वादकांनी विसाव्या शतकाच्या आरंभी जे संगीत घडवले, त्यात सुरुवातीला मूळ चालीभोवती वेलबुट्टी काढण्यावर भर असे. ११ ऑक्टोबर १९३९ रोजी सॅक्सोफोनवादक कोलमन हॉकिन्स ह्याने 'बॉडी अँड सोल' हे लोकप्रिय गाणे मुद्रित केले आणि त्यात सुरुवातीच्या काही ओळी सोडल्या तर मूळ चाल जवळजवळ वाजवलीच नाही. त्याने वाजवला तो चालीखालचा कॉर्डचा मार्ग. तरीही तबकडी खपली. गाणे त्याच्या चालीत जितके असते तितकेच त्याच्या जमिनीतही असते, हे श्रोत्यांनी नकळत मान्य केले. चार्ली पार्करच्या पिढीने ही गोष्ट आणखी वेगाने आणि खोलवर नेली.

ह्या मार्गावरून चालण्याचे एक गुपित आपल्या गायनवृंदातील आल्टो आणि टेनर गाणाऱ्यांना लगेच कळेल. चौपदरी गायनात मधल्या पदरांनी शक्यतो उड्या मारू नयेत, शेजारच्या स्वरावर उतरावे, असा दंडक असतो. ह्या गाण्यात प्रत्येक कॉर्डचा सातवा स्वर एक पायरी खाली उतरला की पुढच्या कॉर्डचा तिसरा स्वर होतो. 'सा'चा 'नी' होतो, 'म'चा 'ग', मग 'नी'चा 'ध', 'ग'चा 'रे', 'ध'चा कोमल 'ध' आणि शेवटी 'रे'चा 'सा'. वादक हे जिन्याचे कठडे मनात पक्के धरतो. मग पायऱ्यांवरून तो धावो, रेंगाळो किंवा दोन-दोन गाळो, पडत नाही. कॉर्डचा तिसरा स्वरच ती मेजर की मायनर हे ठरवतो, म्हणून तो योग्य क्षणी लागला की मागे पियानो नसला तरी ऐकणाऱ्याला घर बदलल्याचे कळते.

९ मार्च १९५८ रोजी 'ब्लू नोट' कंपनीसाठी कॅननबॉल ॲडर्ली ह्याने हे गाणे मुद्रित केले. 'समथिंग एल्स' ह्या तबकडीचा प्रारंभ त्यानेच होतो. ॲडर्ली मूळचा फ्लोरिडाचा, तेथील शाळेत मुलांना बँड शिकवणारा मास्तर. त्या वेळी तो माइल्स डेव्हिसच्या संचात होता. ह्या तबकडीत मात्र डेव्हिसच त्याच्या साथीला आला. पियानोवर हँक जोन्स, बेसवर सॅम जोन्स, ड्रमवर आर्ट ब्लेकी. सुरुवातीला बराच वेळ फक्त मायनर घराचा गंभीर पडघम वाजत राहतो. ही कल्पना पियानोवादक अहमद जमाल ह्याच्या १९५५ च्या मुद्रणावरून डेव्हिसने उचलली आणि तो जमालचे ऋण मोकळेपणाने मान्य करीत असे. मग ट्रम्पेटच्या तोंडाला धातूची बोंडी लावून डेव्हिस मूळ चाल वाजवतो. इतके कमी स्वर, की वाटावे हा माणूस स्वर विकत घेऊन वाजवतो आहे. त्यानंतर ॲडर्ली येतो तो दोन्ही हातांनी उधळत. पण त्याची उधळण नीट ऐकावी. मेजर घरापाशी तो गोल, भरदार ओळी वाजवतो. मायनर घरात शिरताच ब्लूजचे वाकवलेले स्वर मिसळतो. त्याच्या पूर्वजांचे दुःख ह्या युरोपीय मार्गावर त्या जागी उतरते आणि उपरे वाटत नाही. डेव्हिस पुन्हा वाजवायला लागतो तेव्हा कित्येक कॉर्ड तो नुसत्या जाऊ देतो. स्तब्धता हीसुद्धा घर ओळखल्याची खूण आहे, हे मला त्याच्याकडून समजले.

पुढच्याच वर्षी, २८ डिसेंबर १९५९ ला, बिल एव्हान्सच्या त्रयीने 'पोर्ट्रेट इन जॅझ'साठी हेच गाणे घेतले. तोपर्यंत बेसवादकाचे काम जमीन दाखवणे एवढेच समजले जाई. स्कॉट लाफारो ह्या २३ वर्षांच्या तरुणाने ते नाकारले. चाल संपताच बेस आणि पियानो एकमेकांना प्रश्न विचारू लागतात आणि पॉल मोशनचे ड्रम मध्ये बोलतात. जमीन कोणीच दाखवत नाही. तरी 'सा' कोठे आला आणि 'ध' कोठे, हे कळत राहते, कारण तिघांच्याही मनात मार्ग एकच आहे. त्याच बैठकीतील ह्या गाण्याची दोन मुद्रणे आज उपलब्ध आहेत. लागोपाठ ऐकली तर स्वरमार्ग अक्षरशः एक आणि त्यावरची ओळ सर्वस्वी निराळी असल्याचे ध्यानात येते. लाफारो जुलै १९६१ मध्ये मोटार अपघातात गेला, वयाच्या २५ व्या वर्षी.

हा प्रश्न, म्हणजे खाली 'सा' लावावा की 'ध', आपल्या मुंबईतही रोज सोडवला जात होता. पोर्तुगीज राजवटीतल्या गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवले जाई. ती मुले पोटासाठी मुंबईला आली. १९३५ साली लिऑन ॲबीचा आफ्रिकी-अमेरिकी वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात आला आणि पुढील काही वर्षांत अशा वादकांच्या सहवासात गोवेकरांनी जॅझ आत्मसात केले. नोटेशन त्यांना वाचता येतच होते. ते बाजूला ठेवून वाजवायला ते ह्यांच्याकडून शिकले. युद्धानंतरच्या काळात ह्यांतलेच अनेक जण हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांत शिरले. ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट सी. रामचंद्र ह्यांच्याबरोबर काम करू लागले. १९५१ च्या 'अलबेला'त तर ते पडद्यावरही दिसतात. सेबास्टियन डिसोझा शंकर-जयकिशन ह्यांच्या गाण्यांची वाद्यरचना करीत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस ह्यांनी प्यारेलाल ह्यांना व्हायोलिन शिकवले आणि त्या शिष्यानेच १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तील गाण्यात गुरूचे नाव घराघरांत नेले.

ह्यांचे काम असे चाले. संगीतकार हार्मोनियमवर चाल ऐकवी. ती एका सुराची, रागाच्या वळणाची. तिला कॉर्ड नसत. समोर बसलेला गोवेकर ती कागदावर टिपून घेई आणि मग प्रत्येक ओळीखाली काय ठेवायचे हे ठरवी. बिलावलसारख्या उजळ चालीच्या अंतऱ्यात एके जागी त्याने 'सा'ऐवजी 'ध' लिहिला, की गायिकेने एकही स्वर न बदलता गाण्यावर सावली येई आणि पुढच्या ओळीला ऊन. श्रोते त्याचे श्रेय गायिकेच्या गळ्याला देत, कवीच्या शब्दांना देत, संगीतकाराला देत. तो 'ध' लिहिणाऱ्याचे नाव पडद्यावर झळकले तर 'सहायक' म्हणून. पुष्कळदा तेही नाही.